डुकराचा विटाळ आणि मालकाचा नफा

पावसाळ्यात तापाची साथ आली की गावोगावच्या नगरपालिकांना एकदम डुकरे आठवतात. 'मोकाट डुकरांचा बंदोबस्त करा' अशी निवेदने जातात, मोहीम निघते आणि ती कोणत्या वस्तीत शिरते हे वाचकांना आम्ही सांगायला नको. नाला वर्षभर का तुंबला, घंटागाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच का परत फिरते, किती माणसांमागे एक संडास आहे, हे प्रश्न त्या निवेदनांत नसतात. डुक्कर आणि डुक्कर पाळणारा माणूस, दोघांनाही एकाच काठीने हाकलण्याची ही जुनी रीत आहे.

आज आम्ही डुकराबद्दलच लिहिणार आहोत, पण त्याची वकिली करणार नाही. उघड्या गटारावर वाढलेल्या डुकरामुळे पट्टकृमीचा आजार पसरतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत येतो. हे विज्ञान आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. आमचे म्हणणे पुढचे आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभरच्या डॉक्टरांची झोप उडवणारा एक धोका डुकरांशी जोडलेला आहे, आणि तो नाल्याकाठी जन्मलेला नाही. तो जन्मला कुलूपबंद, धुतलेल्या, लांबलचक शेडमध्ये. तिथे निरोगी डुकरांच्या खाद्यात रोज औषध मिसळले गेले. त्या औषधाला दाद न देणारे साल्मोनेला जंतू तिथून कत्तलखान्यात, दुकानात, स्वयंपाकघरात आणि शेवटी इस्पितळात पोहोचले. ज्या डोळ्यांना विटाळ शोधायची सवय आहे, त्यांना ही शेड स्वच्छ दिसते. म्हणून हा विषय आमच्या चळवळीचा आहे असे आम्ही मानतो.

आधी जंतूची ओळख करून घेऊ. १८८५ साली अमेरिकेच्या शेती खात्यात थिओबाल्ड स्मिथ नावाच्या तरुण संशोधकाने आजारी डुकरांमधून एक जंतू वेगळा काढला. त्याच्या वरचे अधिकारी होते डॅनियल साल्मन. पुढे १९०० साली या जंतूच्या कुळाला नाव मिळाले ते साल्मोनेला. प्रयोगशाळेत राबला स्मिथ आणि नाव लागले साहेबांचे. श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे ही गोष्ट आमच्या वाचकांना नवी नाही.

या कुळात शेकडो प्रकार आहेत. टायफॉइडचा जंतूही याच कुळातला, पण तो फक्त माणसात राहतो. टायफॉइड डुकरामुळे होत नाही, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून होतो. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, कारण वस्तीत टायफॉइड निघाला की त्याचे खापरही डुकरावर फोडले जाते. साल्मोनेलाचे बाकीचे बरेच प्रकार डुक्कर, कोंबडी, गाय अशा जनावरांच्या आतड्यांत राहतात. अनेकदा जनावर ठणठणीत दिसते आणि त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत असतात. माणसाच्या पोटात गेले की ताप, उलट्या, जुलाब, पोटात कळा. बहुतेक माणसे आठवडाभरात औषधाशिवाय बरी होतात. पण तान्हे मूल, म्हातारे माणूस, कुपोषित किंवा आधीच आजारी माणूस असेल तर जंतू रक्तात उतरतो. तिथे प्रतिजैविक लागू पडले तर माणूस वाचतो. औषध लागू पडले नाही तर काय होते, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

डुकराच्या खाद्यात औषध आले कुठून? १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लेडर्ली या औषध कंपनीत थॉमस जुक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसले की ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवताना उरलेला चोथा कोंबड्यांना खाऊ घातला तर त्या लवकर वाढतात. डुकरांतही तेच दिसले. १९५१ साली अमेरिकन सरकारने जनावरांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविके मिसळायला परवानगी दिली. आजार नसताना, वजन वाढावे म्हणून, कळपातल्या प्रत्येक जनावराला, थोड्या थोड्या मात्रेत, रोज. जगभराचा धंदा या शोधावर उभा राहिला.

यामागचे गणित समजून घेतले पाहिजे. डुकरिणीच्या मागे पिल्लू मोकळे राहिले तर ते दोन-तीन महिने दूध पिते. फार्मवर त्याला तीन-चार आठवड्यांत आईपासून तोडतात, कारण डुकरीण लवकर पुन्हा गाभण राहिली तर वर्षाकाठी पिल्ले जास्त मिळतात. आई तुटलेली, खाद्य बदललेले, चार ठिकाणची पिल्ले एका खोलीत कोंबलेली, अशा वेळी त्यांना हगवण लागते. उपाय तीन असतात: पिल्लांना आईजवळ जास्त दिवस ठेवा, जागा जास्त द्या, माणसे जास्त लावून साफसफाई आणि देखरेख ठेवा. तिन्ही उपायांना पैसा लागतो. चौथा उपाय स्वस्त होता, खाद्याच्या पोत्यात औषध टाका. म्हणजे जे औषध माणसाचा जीव वाचवायला शोधले, ते मालकाने जागेच्या, वेळेच्या आणि मजुरीच्या बदल्यात वापरले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार एक किलो जनावरामागे वर्षाला सरासरी प्रतिजैविक गाईबैलांत ४५ मिलिग्रॅम, कोंबड्यांत १४८ मिलिग्रॅम आणि डुकरांत १७२ मिलिग्रॅम वापरले जात होते. डुक्कर पहिल्या नंबरावर आहे. तो त्याच्या स्वभावामुळे नाही, त्याला ज्या पद्धतीने पाळले जाते त्यामुळे.

आता जंतूचे काय होते ते पाहा. कोट्यवधी जंतूंमध्ये औषध पचवणारा एखादा जंतू निघतोच. रोजच्या थोड्या औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. त्याहून गंभीर गोष्ट १९५९ साली जपानी संशोधकांनी हगवणीच्या जंतूंवर दाखवली. औषध पचवण्याचा गुण जनुकांच्या एका छोट्या कड्यावर असू शकतो, आणि एक जंतू ते कडे शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. जातीबाहेर देवाणघेवाण करायला जंतूंना पंचांची परवानगी लागत नाही! त्यामुळे डुकराच्या आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूने कमावलेला गुण उद्या माणसाला मारणाऱ्या जंतूकडे जातो. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने सरकारला बजावले होते की माणसाच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांची वाढ करण्यासाठी वापरू नका. म्हणजे हे सर्व पन्नासहून जास्त वर्षे माहीत आहे. माहिती होती, पण नफा सोडायची तयारी नव्हती.

डेन्मार्कचे उदाहरण आम्ही तरुण कार्यकर्त्यांना आवर्जून सांगतो. या छोट्या देशात माणसांपेक्षा डुकरे जास्त आहेत. १९९८ साली तिथे साल्मोनेला टायफिम्युरियम डीटी १०४ या प्रकाराची साथ आली. अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा आणि टेट्रासायक्लिन ही पाचही औषधे त्याच्यापुढे निकामी होती. शिवाय क्विनोलोन गटातल्या औषधांनाही तो पुरती दाद देत नव्हता. हा गट म्हणजे आपल्याकडे घराघरांत माहीत असलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे कुटुंब. तपासात २५ रुग्ण पक्के झाले, ११ जणांना इस्पितळात ठेवावे लागले, दोघे मेले. जंतूच्या जनुकांचा माग काढत शास्त्रज्ञ पोहोचले ते एका डॅनिश डुक्कर-फार्मपर्यंत. २५ हा आकडा लहान वाटेल. पण फार्मपासून पेशंटच्या खाटेपर्यंतची साखळी इतकी स्पष्ट जोडली गेली होती की 'डुकरांच्या औषधाचा माणसाशी काय संबंध' असे म्हणायला कोणाला तोंड राहिले नाही.

त्या देशाने काय केले? १९९५ सालीच अ‍ॅव्होपार्सिन या वाढीच्या औषधावर बंदी आली होती. त्याच वर्षी जनावरांत, मांसात आणि माणसांत किती औषध वापरले जाते आणि किती जंतू त्याला दाद देत नाहीत, याची दरवर्षी नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा सुरू झाली. औषध लिहून देणारा जनावरांचा डॉक्टर तेच औषध विकून जो नफा कमवत होता, त्यावर मर्यादा आली. १९९९ संपेपर्यंत मोठ्या डुकरांना आणि पिल्लांनाही वाढीसाठी प्रतिजैविक देणे बंद झाले. २०१० पासून प्रमाणाबाहेर औषध वापरणाऱ्या फार्मला पिवळे कार्ड मिळू लागले. डुकरे कमी झाली का? १९९२ साली सुमारे १ कोटी ८४ लाख डुकरांचे उत्पादन होते, २००८ साली ते २ कोटी ७१ लाखांवर गेले. आणि दर किलो डुकरामागे वापरले जाणारे प्रतिजैविक याच काळात निम्म्याहून खाली आले. मध्ये पिल्लांत हगवण वाढली होती, उपचाराचे औषध काही काळ जास्त लागले, हेही खरे. आजही तिथल्या बहुतेक फार्मवर मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू आहे, म्हणजे तिथे स्वर्ग अवतरलेला नाही. पण 'औषध बंद केले तर धंदा बुडेल' ही मालकांची हाकाटी खोटी ठरली. पुढे २००६ च्या १ जानेवारीपासून संपूर्ण युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद झाले.

आता याच्या उलट चित्र बघा. २०१५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात डुकराच्या मांसातून साल्मोनेलाची साथ आली. पाच राज्यांत मिळून १९२ रुग्ण, ३० जण इस्पितळात. हा जंतूही चार औषधांना दाद देत नव्हता. पाच लाख पौंडांहून जास्त मांस बाजारातून परत बोलवावे लागले. आरोग्य अधिकाऱ्यांना पुढचा माग काढायचा होता, डुकरे जिथून आली त्या फार्मवर जाऊन तपासणी करायची होती. मालकांनी आत येऊ दिले नाही. आणि त्यांना भाग पाडता येईल असा अधिकार त्या अधिकाऱ्यांकडे नव्हता. आमच्या वस्तीतल्या झोपडीत कोणीही सरकारी माणूस न विचारता शिरतो, पत्रा उचकटतो, डुक्कर उचलून नेतो. तिथे १९२ माणसे आजारी पडूनही सरकारला फार्मचे फाटक उघडता आले नाही. खाजगी मालकी म्हणजे काय, हे कळायला याहून वेगळा धडा नको.

त्या फार्मच्या शेजारी कोण राहते, तेही पाहिले पाहिजे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात लाखो डुकरांची विष्ठा उघड्या तळ्यांत साठवतात आणि शेतांवर फवारतात. स्टीव्ह विंग या संशोधकाने २००० साली आकडेवारीने दाखवले की ही फार्म गरिबांच्या आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांजवळ जास्त आहेत. आपल्याकडे गावकुसाबाहेर महारवाडा-मांगवाडा कुठल्या दिशेला ठेवला गेला, वारा आणि पाणी बघून कसा ठेवला गेला, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. त्याच राज्यात पुढे एक महत्त्वाची तपासणी झाली. औषधे वापरणाऱ्या मोठ्या फार्मवरचे कामगार आणि औषधे न वापरणाऱ्या फार्मवरचे कामगार, दोघांच्याही नाकातले जंतू तपासले गेले. जनावरांशी जोडलेला, अनेक औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस मोठ्या फार्मच्या कामगारांतच सापडला. जंतू साल्मोनेला नाही, पण मुद्दा तोच. माणसे तशीच गरीब, डुकरे तीच, काम तेच. फरक होता तो पाळण्याच्या पद्धतीत.

हा विषय आमच्या अभ्यासवर्गात मांडला तेव्हा एका मुलाने सरळ विचारले, "आपल्याकडे कुठे आहेत एवढी मोठी फार्म? मग आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात डुकरे ९० लाखांच्या आसपास, त्यांत आसाम, झारखंड, मेघालय पुढे. महाराष्ट्र हा डुकरांचा प्रदेश नाही. आपल्या देशात बहुतेक डुकरे घरामागे, चार-पाचच्या संख्येने पाळली जातात. तरीही आम्हाला यात तीन कारणांनी लक्ष घालावे लागते.

पहिले कारण, जंतूला पासपोर्ट लागत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केले की कोलिस्टिन या औषधाला निकामी करणारे आणि जंतूजंतूंत फिरणारे एक जनुक डुकरांत सापडले आहे. कोलिस्टिन हे बाकी सगळी औषधे हरल्यावर डॉक्टर देतात ते शेवटचे औषध. त्यांच्या नमुन्यांत कत्तलीच्या डुकरांपैकी सुमारे २१ टक्क्यांत, कच्च्या मांसापैकी १५ टक्क्यांत आणि इस्पितळातल्या रुग्णांपैकी १ टक्क्यात ते जनुक होते. नंतर ते अनेक देशांत सापडले. चीनने २०१७ साली कोलिस्टिन वाढीसाठी देणे बंद केले आणि डुकरांतले त्या जनुकाचे प्रमाण उतरले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. कायदा केला तर फरक पडतो, याचा हा पुरावा.

दुसरे कारण आमच्या घरातले आहे. औषधाला दाद न देणारा जंतू सगळ्यांना सारखाच चावतो, पण त्याची किंमत सगळे सारखी देत नाहीत. ज्याच्याकडे विमा आहे त्याच्यासाठी पहिले औषध हरले की दुसरे आहे. रोजंदारीवरच्या आमच्या माणसासाठी दुसरे औषध म्हणजे सलाईनमधून द्यायचे इंजेक्शन, म्हणजे भरती, म्हणजे बुडालेला रोज, म्हणजे सोसायटीचे नाहीतर सावकाराचे कर्ज. आमच्या ओळखीतल्या एका सफाई कामगार ताईंना गेल्या वर्षी तापासाठी आधी गोळ्या, मग वेगळ्या गोळ्या, मग सात दिवस इंजेक्शने द्यावी लागली. मंगळसूत्र गहाण पडले ते अजून सुटलेले नाही. आणि दवाखान्याचे, कत्तलखान्याचे, शहराचे सगळे पाणी ज्या गटारात मिळते, त्यात कायद्याने बंदी असूनही उतरवला जातो तो माणूस कोणत्या समाजाचा असतो? २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे. त्यात जातीचा रकाना नाही. असता तर आपल्या देशापुरते उत्तर आम्हाला आजच ठाऊक आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. डुकराचा धंदा आता प्रतिष्ठित होऊ लागला आहे. केंद्राच्या पशुधन अभियानात २०२१ पासून वराहपालनाच्या मोठ्या प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान मिळते. मात्र उरलेल्या ५० टक्क्यांसाठी जमीन पाहिजे, बँकेचे कर्ज पाहिजे, तारण पाहिजे. पिढ्यान् पिढ्या डुकरे पाळून ज्यांनी शिव्या खाल्ल्या, त्या कैकाडी, वडार, मांग-गारुडी अशा समाजांतल्या किती घरांकडे सातबारा आहे? नागराज मंजुळेंच्या २०१३ च्या 'फँड्री'त गावासाठी डुक्कर पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची शाळेसमोर झालेली नाचक्की साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, टाळ्या वाजवल्या, पुरस्कार दिले. उद्या तेच डुक्कर एसी शेडमध्ये गेले की त्याचे नाव 'वराह' होईल, पाळणारा 'उद्योजक' होईल, आणि जब्याच्या बापाला तिथे विष्ठा काढायची नोकरी मिळेल. त्या शेडमध्ये डेन्मार्कने बंद केलेली पद्धत आणायची की सुरुवातीपासून कडक नियम लावायचे, हे आत्ता ठरायचे आहे. मोठी फार्म उभी राहिल्यावर मालक फाटक उघडत नाहीत, हे आपण वर पाहिलेच.

इथे दोन बाजूंनी आक्षेप येतील, त्यांना उत्तर देतो. 'शुद्ध शाकाहारी' मंडळी म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, मांस खाऊ नका. त्यांनी आधी आपल्या ताटात बघावे. दुधाच्या गाई-म्हशींना कासदाहासाठी प्रतिजैविके दिली जातात. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन असलेले औषध फवारले गेले आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचे औषध. दूध आणि फळ पवित्र म्हणून तिथला जंतू सोवळे नेसत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून 'शुद्ध' केले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध होते असे मानणाऱ्या मेंदूला जंतुशास्त्र कळणार कसे? विटाळ जन्मावरून ठरतो, तो मोजता येत नाही आणि धुऊन जात नाही. संसर्ग मोजता येतो, त्याचा माग काढता येतो, तो थांबवता येतो. ब्राह्मणी व्यवस्थेने हे दोन शब्द मुद्दाम एक केले आणि माणसांच्या मागे लागली.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा असेल. आमच्या खाण्यावर आधीच सगळ्यांचा डोळा, त्यात तुम्ही कशाला भर घालता? या भावनेचा आम्ही आदर करतो. कोणी काय खावे हे सरकारने आणि झुंडीने ठरवू नये, यावर आम्ही ठाम आहोत. पण त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले होते. कोणाला आपला विटाळ होतो म्हणून सांगितले नव्हते. कोणीतरी टाकून दिलेले आपण स्वीकारणार नाही, या स्वाभिमानातून सांगितले होते. आपल्या ताटाची चौकशी आपण स्वतः करायची, आपल्या भल्यासाठी करायची, हा तो धडा आहे. मांस खाण्याचा हक्क मागताना सुरक्षित मांसाचा हक्कही मागितला पाहिजे. नाहीतर हक्क आपला आणि जंतूही आपलाच, नफा तेवढा मालकाचा, असे होईल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आजारी जनावराला उपचार मिळालाच पाहिजे, पण निरोगी जनावराच्या खाद्यात वाढीसाठी कोणतेही प्रतिजैविक नको. जनावरांचे प्रतिजैविकही चिठ्ठीशिवाय विकले जाऊ नये, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला विक्रीतून फायदा नको. प्रत्येक मोठ्या फार्मने किती औषध वापरले याची नोंद लोकांना बघायला मिळावी. साथ आली तर आरोग्य अधिकाऱ्याला फार्मचे फाटक उघडायचा कायदेशीर अधिकार हवा. फार्म आणि कत्तलखान्यातल्या कामगारांची नियमित तपासणी व उपचार मालकाच्या खर्चाने व्हावेत. सरकारी अनुदानात पारंपरिक डुक्करपालकांचा पहिला हक्क राहावा, त्यांच्या सहकारी संस्थांना गायरानातली जागा, पाणी, लसी आणि पशुवैद्य मिळावा. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी अशी मांडणी केली होती. उत्पादनाची साधने कोणाच्या हातात आहेत यावर माणसाचे स्वातंत्र्य ठरते, हा त्यामागचा विचार. तो डुकराच्या शेडलाही लागू होतो.

आणि काही कामे उद्यापासून आपल्या हातात आहेत. सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागू नका, ते विषाणूवर चालत नाही. डॉक्टरने दिलेला कोर्स दोन गोळ्यांवर सोडू नका. पैसे कमी पडत असतील तर सरकारी दवाखान्यात जा, तिथे औषध मिळाले नाही तर कार्यकर्त्यांना सांगा, आपण विचारायला जाऊ. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. मांस आतपर्यंत शिजवा, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कांदा-टोमॅटोला लावू नका, हात साबणाने धुवा. शिजवल्याने जंतू मरतो, मग तो औषधाला दाद देणारा असो वा नसो. वस्तीत डुकरे पाळणारी घरे असतील तर त्यांच्यावर नाक मुरडू नका. आपल्यातही ती सवय शिरली आहे, शिकलेल्यांत जास्त. त्यांच्याबरोबर बसा, पिल्लांना हगवण लागली तर ते काय देतात, औषध कुठून आणतात, जनावरांचा डॉक्टर येतो का, हे लिहून घ्या. अशी माहिती प्रत्येक तालुक्यातून गोळा झाली तर पुढच्या वेळी नगरपालिकेकडे जाताना आपल्या हातात केवळ संताप नसेल, वहीसुद्धा असेल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण घोषणेत रोज म्हणतो. जंतुशास्त्र शिकणे हाही त्यातल्या पहिल्या शब्दाचा भाग आहे. फार्मसी, नर्सिंग, पशुवैद्यक शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या विषयावर आपापल्या विहारात एक तरी अभ्यासवर्ग घ्यावा, एवढी विनंती करून थांबतो.

जयभीम!